पिकअपमधला बिछाना मध्येच खचतो, कंबर धरते: मागची सीट काढून पलंग करणाऱ्यांसाठी

डबल केबिन पिकअपची मागची सीट काढून तिथे फळी आणि गादी टाकली आहे. पहिले आठ-दहा दिवस झोप मस्त लागते, मग कंबर धरायला लागते. गादी बदलली की पुन्हा आठ-दहा दिवस बरे जातात आणि नंतर ये रे माझ्या मागल्या. हे तुमचं दुखणं असेल तर पुढचं वाचा. माझ्या गाडीत हे चक्र दीड वर्ष चाललं आणि तेवढ्यात मी तीन गाद्या बदलल्या. दोष गादीचा नव्हताच.

माझं काम साउंड आणि लाइटचं, इंदूरला. देवउठनी एकादशीपासून धनुर्मास लागेपर्यंत आणि मग संक्रांतीनंतर पुन्हा, असे रात्री घराबाहेर काढायचे दिवस. नियमाप्रमाणे रात्री दहाला आवाज बंद होतो, पण आमचा माल सुटतो तो फेरे आणि बिदाई उरकल्यावर, म्हणजे पहाटे चार-पाचला. तोवर लोकमान्य नगरला घरी जाऊन परत यायचं म्हटलं तर झोपेची वेळ रस्त्यातच जाते, आणि मिक्सर-अ‍ॅम्प्लिफायर वाऱ्यावर सोडून जायचं धाडस माझ्यात नाही. मांडू, महेश्वरकडचं काम असलं तर घरी जाण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या गाडीत माझ्याबरोबर हेल्पर एकच असतो, बाकीची पोरं दुसऱ्या गाडीने येतात. मागची सीट रिकामीच जायची, म्हणून ती काढून बिछाना करायचं डोक्यात आलं.

पहिला बिछाना कसा होता ते सांगतो, कारण मी पाहिलेले बहुतेक बिछाने असेच आहेत. केबिनची आतली रुंदी दाराच्या पॅडपासून पॅडपर्यंत 53 इंच निघाली. पुढच्या सीट थोड्या पुढे घेतल्यावर त्यांच्या पाठीपासून केबिनच्या मागच्या भिंतीपर्यंत 33 इंच. मिस्त्रींनी 12 एमएमचं प्लाय आणलं. मागचं दार अरुंद, एवढी मोठी फळी त्यातून आत जाईना, म्हणून त्यांनी ती मधोमध कापली, दोन्ही तुकडे बिजागरीने जोडले, चार कोपऱ्यांना लाकडी पाय दिले आणि पाचवा पाय सांध्याखाली उभा केला. वर चार इंची फोम. पाणसळ ठेवून दाखवली, बुडबुडा अगदी मधोमध. मी खूश.

दोन आठवड्यांत कंबर. मिस्त्री म्हणाले, "भिया, फोम हल्का है, चालीस डेन्सिटी का डालो." टाकला. पुन्हा कंबर. मग कोणीतरी रिबॉन्डेड सुचवला, दगडासारखा निघाला. मग आईने तिच्या ओळखीच्या पिंजाऱ्याकडून कापसाची गादी भरून दिली, तिच्यावर पहिल्या रात्री स्वर्गच वाटला. महिन्याने तिच्यातही मधोमध खळगा. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की तीन वेगवेगळ्या गाद्यांना एकाच ठिकाणी खळगा पडतोय, तर खळगा गादीत कसा असेल?

खळगा शोधायचा कसा

गादी काढा, फळी उघडी करा. कुणाला तरी फळीवर झोपवा, नेहमी जसे झोपता तसंच, आणि तुम्ही दाराबाहेर उकिडवे बसून मोबाइलचा टॉर्च फळीखाली मारा.

माझा हेल्पर आडवा झाला आणि सांध्यापाशी फळी पाऊण इंच खाली बसली. मधला पाय जिथे टेकला होता तिथला पत्रा आधी 'टक्' करून दबला, मग पाय थोडा तिरका झाला. हेल्पर उठला, पत्रा परत 'टक्' करून वर आला, फळी सरळ. म्हणजे मिस्त्री जेव्हा जेव्हा तपासायला यायचे तेव्हा बिछाना निर्दोष असायचा, कारण त्यावर कोणी झोपलेलं नसायचं.

दुसरी गोष्ट त्याच रात्री लक्षात आली. पाणसळ फळीवर पुढे-मागे अशी ठेवली तर बुडबुडा मागच्या भिंतीकडे पळत होता, म्हणजे बिछान्याची पुढची कड खाली होती. रात्रभर मी पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन अडकायचो ते यामुळे. पण मिस्त्रींनी लावली तेव्हा तर लेव्हल बरोबर होती! त्याचं कारण डाल्यात होतं. (आमच्याकडे पिकअपच्या हौद्याला डाला म्हणतात.) पिकअपचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, मालाच्या वजनासाठी बनवलेले असतात. गाडी रिकामी असली की मागची बाजू उचललेली राहते, माल भरला की ती खाली बसते आणि गाडी सपाट होते. मिस्त्रींकडे गाडी नेली तेव्हा डाल्यात स्पीकर आणि ट्रस (लाइट टांगायचे सांगाडे) भरलेले होते. मी झोपतो तेव्हा ते सगळं मंडपात असतं. माझ्या गाडीत या फरकाने 33 इंचांच्या बिछान्यावर जवळजवळ पाऊण इंचाचा उतार पडत होता.

थोडक्यात, तपासणी व्हायची ती बिछाना रिकामा आणि गाडी भरलेली असताना. मी झोपायचो तेव्हा गाडी रिकामी आणि बिछाना भरलेला. दीड वर्ष आम्ही उलट्या गाडीची परीक्षा घेत होतो.

तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते यावरून ओळखा: खळगा कंबरेखाली आणि उठल्यावर नाहीसा होत असेल तर आधार चुकलाय. झोपेत एकाच बाजूला घसरत असाल तर लेव्हल चुकलीय. उठल्यावरही खळगा तसाच दिसत असेल आणि फळी उघडी केल्यावर ती सपाट निघाली, तरच गादीला दोष द्या.

पत्रा का दबतो

केबिनची जमीन सपाट दिसते ती वरच्या रबरी मॅटमुळे. मॅट उचला. खाली पातळ पत्रा असतो, त्यात मजबुतीसाठी दाबून काढलेले उंचवटे असतात, आणि मधोमध कुबडासारखा उठाव असतो, ज्याच्या खालून गाडीची यंत्रणा जाते. उंचवट्यांवर आणि जिथे खालून आडवा सांगाडा जोडलेला आहे तिथे पत्रा वजन झेलतो. त्यांच्या मधला पत्रा डब्याच्या झाकणासारखा, दाबला की आत आणि सोडला की बाहेर. बोटाच्या पेराने ठोकून बघा: जिथे आवाज बंद आणि जड येतो तिथे आधार आहे, जिथे डफासारखा वाजतो तिथे पाय उभा करू नका. गाडीखाली शिरून बघितलं तर आणखी बरं.

कंपनीची सीट मुळात जमिनीवर पाय टेकून उभी नसते. ती ठरलेल्या जागी बोल्टांनी पकडलेली असते आणि त्या जागांना पत्र्याच्या आतून जाड पट्टी आणि वेल्ड केलेला नट असतो. माणसांचं वजन पेलायला त्या जागा आहेतच. त्या मोकळ्या सोडून आपण शेजारच्या पत्र्यावर लाकडी पाय उभे करतो.

सीट काढताना

बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा. सीटच्या आसपास पिवळ्या रंगाचा वायरिंगचा प्लग दिसला तर त्याला हात लावू नका, पिवळा प्लग सहसा एअरबॅगचा असतो, तिथे काम जाणकाराकडूनच करून घ्या. माझ्या गाडीत मागे तसं काही नव्हतं. सीटखाली जॅक आणि पाना असतो, त्याची नवी जागा आधीच ठरवा, नाहीतर पंक्चर झाल्यावर पूर्ण बिछाना उचकटावा लागतो. अनुभवाने सांगतोय, मानपूरच्या घाटात, रात्री दोनला.

सीटबेल्ट आणि त्यांचे बोल्ट जागेवरच राहू द्या. निघालेला प्रत्येक बोल्ट कोणत्या भोकातला हे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. जी भोकं वापरणार नाही त्यात बोल्ट परत फिरवून ठेवा किंवा रबरी बूच बसवा. उघडी भोकं म्हणजे पावसाळ्यात चाकांनी उडवलेल्या पाण्याला आत यायची वाट, आणि ते पाणी मॅटखाली साचून पत्रा कुजवतं.

दुरुस्ती

लाकडी पाय फेकून दिले. लोहा मंडीतून एक इंची चौकोनी पाइप आणला, 16 गेजचा, आणि वेल्डरकडून दोन शिड्या करून घेतल्या. प्रत्येक शिडी 53 इंच लांब, साडेसोळा इंच रुंद, आडव्या पट्ट्या साधारण 13 इंचांवर. एकच मोठी चौकट केली असती तर तीही दारातून गेली नसती. दोन शिड्या एकेक करून आत घेतल्या आणि आत बोल्टने एकमेकींना जोडल्या. वेल्डिंग सगळं बाहेर. केबिनच्या आत वेल्डिंग करायला जो तयार होईल त्याच्याकडून गाडी घेऊन निघून या. खाली वायरिंग असते, कापड-फोम असतो, आणि काही गाड्यांत डिझेलची पाइपही त्याच बाजूने जाते. रेड ऑक्साइडचे दोन हात, मग काळा रंग.

शिड्यांना खाली पट्ट्या देऊन त्या सीटच्या मूळ भोकांत पकडल्या. इथे एक घोळ होतो, जपा. पट्टीची जाडी वाढली की जुना बोल्ट नटात पुरेसा शिरत नाही, म्हणून लांब बोल्ट लागतो. तो आणायला जाताना जुना बोल्ट खिशात घेऊन जा. माझ्याकडे बोल्ट 10 एमएमचा होता आणि या मापात 1.25 आणि 1.5 एमएम अशा दोन पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) आटे मिळतात. सियागंजमधल्या दुकानदाराने काउंटरवर जुन्या बोल्टाचे आटे नव्या बोल्टाच्या आट्यांत बसवून बघितले, दोन्ही उजेडासमोर धरले, फट दिसली, ठेवून दिला, दुसरा काढला. दोन सेकंदांचं काम. ते न करता चुकीचा बोल्ट पान्याने ठासला तर आतला नट फिरतो, आणि तो नट पत्र्याच्या बंद पोकळीत असतो, तिथे हात जात नाही. म्हणून पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरले पाहिजेत. डोक्यावर 8.8 लिहिलेला बोल्ट घ्या, बिननंबरी नको.

मधल्या कुबडाला शिडी टेकू दिली नाही, बोटभर फट ठेवली. मधल्या भागाला आधार म्हणून दोन जादा पाय दिले, पण ते ठोकून शोधलेल्या उंचवट्यांवर, आणि पायाखाली तीन बाय तीन इंचांची लोखंडी चकती वेल्ड करून, तिच्याखाली रबर.

लेव्हल या वेळी डाला पूर्ण रिकामा करून आणि हेल्परला शिडीवर टाकलेल्या फळीवर झोपवून लावली. पुढच्या पट्ट्यांखाली वॉशर घालत घालत वर आणलं. तो झोपूनच गेला मध्येच, बिचारा आदल्या रात्रीचा जागा होता. त्याला उठवलं नाही, त्याच्याभोवतीच काम केलं. भार हलत नाही हे बरंच होतं.

फळी

12 ऐवजी 18 एमएम प्लाय घेतलं. जाडी दीडपट झाली की फळीचा कडकपणा दीडपट नाही तर सव्वातीन पटींहून जास्त वाढतो, कारण तो जाडीच्या घनाच्या हिशोबाने चालतो. आधारांमधलं अंतरही तसंच: दोन आधारांतलं अंतर निम्मं केलं की त्याच वजनाखाली फळीचा झोल आठव्या हिश्शावर येतो. आधी माझ्याकडे कोपऱ्यापासून मधल्या पायापर्यंत जवळजवळ 26 इंच मोकळे होते, आता 13. या दोन आकड्यांपुढे फोमची डेन्सिटी चाळीस की बत्तीस हा वाद फारसा उरत नाही.

तुकडे आताही दोनच, दार काही रुंद झालेलं नाही. पण काप फिरवला. आधी सांधा गाडीच्या मधोमध, नेमका कंबरेखाली यायचा. आता प्रत्येक तुकडा 53 इंच लांब आणि साडेसोळा इंच रुंद आहे, सांधा डाव्या दारापासून उजव्या दारापर्यंत लांबीने जातो आणि त्याच्याखाली शिड्यांचे दोन्ही पाइप चिकटून आहेत. मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "पहले बोलना था ना भिया." मला तरी कुठे माहीत होतं.

दुकानात साध्या 'कमर्शियल' प्लायऐवजी बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारं) म्हणून मागा, आणि शीटवर आयएस 303 या भारतीय मानकाचा शिक्का बघा. 710 चा शिक्का असलेलं मरिन प्लाय आणखी टिकतं, पण महाग पडतं आणि मला गरज वाटली नाही. कापलेल्या कडांना मात्र वॉर्निश मारायलाच हवं, पाणी कडेतूनच शिरतं.

लांबी पुरत नाही ही तक्रार

53 इंचांत कोणी मोठा माणूस पाय पसरून झोपणार नाही. तिरपं झोपलं तर? 53 बाय 33 चा कर्ण 62 इंच भरतो, पण डोकं आणि पाय कोपऱ्याच्या टोकापर्यंत पोचत नाहीत, त्यात पाचेक इंच गळतात. म्हणजे हाती 57. साडेपाच फुटी माणसाला 66 लागतात.

मी डाव्या बाजूला 14 इंचांचा पल्ला जोडला. क्लीनर-साइडची पुढची सीट पूर्ण पुढे सरकवायची, तिची पाठ पुढे झुकवायची, पल्ला उघडायचा, त्याच्या टोकाला एक घडीचा पाय. आता 53 बाय 47 चा कर्ण जवळजवळ 71 आणि गळती वजा जाता 66. डोकं ड्रायव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, पाय डावीकडे पुढे. मला बरोबर पुरतो, हेल्परला थोडा जास्तच होतो. पावणेसहा फुटांच्या वर असाल तर गुडघे मुडपावेच लागतील, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

काही जण केबिनची मागची भिंत कापून पाय डाल्यात काढायचा बेत सांगतात. नका करू. पिकअपमध्ये केबिन आणि डाला हे चेसिसवर वेगवेगळे बसवलेले असतात, मध्ये फट असते, केबिन रबरांवर असते. खराब रस्त्यावर दोन्ही आपापल्या परीने हलतात. त्यांना फळीने किंवा पत्र्याने एकत्र बांधलं तर काहीतरी फाटणार, आणि भिंत कापलेल्या केबिनचा कडकपणा गेला तो गेलाच.

चरचर

आधार बरोबर झाला की आवाजाचा त्रास सुरू होतो, कारण आता लोखंड आणि लाकूड घट्ट घासतं. प्लाय आणि पाइप यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या किंवा नमदा चिकटवा. ऑइल किंवा ग्रीस मारू नका, दोन दिवस शांत राहतं, मग धूळ धरून दुप्पट ओरडतं. बोल्ट पहिल्या पाच-सहा फेऱ्यांनंतर एकदा पुन्हा आवळा, रंग दबून थोडी ढिलाई येतेच.

ओल आणि वास

जानेवारीत इंदूरला रात्री चांगलीच थंडी पडते. काचा बंद करून झोपलात तर सकाळी काचेवर आतून पाण्याचे ओघळ दिसतील. ते दव बाहेरून आलेलं नाही, तुमच्याच श्वासातलं आणि घामातलं पाणी आहे. एक माणूस रात्रभरात पेलाभर तरी सोडतो. ते सर्वात थंड पृष्ठभागावर जाऊन बसतं: काच, पत्रा, आणि गादीची खालची बाजू. माझी कापसाची गादी वरून कोरडी आणि खालून काळ्या ठिपक्यांनी भरलेली निघाली. कापूस उबदार, पण ओल धरला की सोडत नाही. उन्हात टाकायला वेळ नसेल तर तो लाड करू नका.

उपाय दोनच. दोन समोरासमोरच्या काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवायच्या. डासांसाठी मच्छरदाणीच्या जाळीचे तुकडे छोट्या चुंबकांनी दाराच्या चौकटीला चिकटतात, चौकट लोखंडीच असते. आणि फळीला हवेसाठी इंचभर व्यासाची भोकं पाडायची, पाइप जिथून जातात ती जागा सोडून. मी प्रत्येक तुकड्यात दहा पाडली. सकाळी निघताना गादी भिंतीला उभी टेकवून ठेवतो, एवढ्याने वास गेला.

डोकं धरणं, मळमळ

ही तक्रार कंबरेच्या तक्रारीत मिसळते, म्हणून वेगळी लिहितो. उठल्यावर कंबर नाही तर डोकं जड, मळमळ, आणि बाहेर येऊन थोडं फिरलं की बरं वाटतंय, असं एखाद्या रात्रीच होत असेल तर गाडी त्या रात्री कुठे उभी होती ते आठवा. आमच्या धंद्यात उत्तर बहुतेक वेळा एकच: जनरेटरशेजारी. लाइट त्याच्यावर चालतात, म्हणून आपण गाडी केबलच्या सोयीने तिथेच लावतो. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. काच बंद केली तरी फटींतून तो आत येतो, म्हणून काच बंद करणं हा उपाय नाही. गाडी लांब लावा, वारा जिकडून येतो त्या अंगाला. आपल्याच गाडीचं इंजिन चालू ठेवून एसी किंवा हीटर लावून झोपणं, तेही भिंतीजवळ किंवा शेडमध्ये, हे त्याहून वाईट. आणि केबिनमध्ये शेगडी तर कधीच नाही, निखारे विझत आलेत असं वाटलं तरी नाही. यात माणसं झोपेतच जातात. पायाशी गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा, चार तास ऊब पुरते. नाहीतर सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खाऊन या, तोही तासभर पुरतो.

गाडी चालू असताना

त्या बिछान्यावर कोणी झोपायचं नाही, बसायचंही नाही. हेल्पर पुढच्या सीटवर, बेल्ट लावून. आडव्या माणसाला बेल्ट धरत नाही, जोरात ब्रेक लागला की तो पुढच्या सीटच्या पाठीवर आदळणार आणि पुढे बसलेल्यालाही घेऊन जाणार. सुटी गादी, उशा, टूलबॉक्सही तसेच पुढे येतात, म्हणून मी शिडीला दोन रॅचेट पट्टे कायमचे अडकवून ठेवलेत आणि पल्ला मिटवून त्यावर कडी घालतो.

कायद्याचं विचारलं जातं म्हणून: मोटर वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीमध्ये नोंदलेल्या आणि कंपनीने ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि किती जणांची बसायची सोय आहे हा आरसीवरचाच तपशील आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला कलम 182ए खाली प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मीही या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नव्हतो, पहिलं दीड वर्ष सीट काढलेली गाडी सर्रास फिरवली. कायमचा पलंग करायचा असेल तर आधी आरटीओत लेखी विचारा आणि विमावाल्यांनाही कळवा, क्लेमच्या वेळी फाटे फुटायला नकोत. माझ्या शिड्यांनी गाडीत एकही नवं भोक पाडलेलं नाही, एकही पत्रा कापलेला नाही. ही अट मी स्वतःला घालून घेतली होती आणि तिच्यामुळे सीट अर्ध्या तासात परत बसते. आता बाहेरगावचा मुक्काम असला तरच मी पाना हातात घेतो.

सीट परत बसवावी लागतेच. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीची फिटनेस तपासणी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी असते. काढलेली सीट नीट ठेवा: फरशीवर आडवी टाकली तर खालून ओल धरते, गोदामात उंदीर आतला फोम पोखरतात, आणि सोबतचे मूळ बोल्ट हरवले तर अख्खा सियागंज पालथा घालावा लागतो. बोल्ट मी चिठ्ठ्यांसकट बिस्किटाच्या डब्यात ठेवले आणि डबा सीटलाच बांधून टाकला. सीट घरी ओसरीत भिंतीला टेकून उभी होती. आईने ती आडवी केली, खाली दोन विटा सरकवल्या, वर जुनी चादर घातली आणि आता सीट घरी असली की रोज सकाळी तिच्यावर बसून मेथी निवडते. यंदा फिटनेसला गाडी न्यायच्या आदल्या दिवशी सीट उचलायला गेलो तर म्हणाली, "जुडी संपू दे, मग ने."